हजेरीपासून चुलीपर्यंत : सत्यशोधक समाज आणि दारूचा प्रश्न

१८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. त्यावर त्यांनी स्वतःची ओळख लिहिली ती अशी : व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य, राहणार पुणे, पेठ जुना गंज. मुलींची शाळा काढून तोवर चौतीस वर्षे झाली होती. ‘गुलामगिरी’ आणि सत्यशोधक समाज या दोन्हींना नऊ वर्षे होऊन गेली होती. तरी सरकारी कागदावर त्यांनी आधी आपला धंदा लिहिला.

सत्यशोधक समाजाच्या स्थापनेला दीडशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त नाशिकच्या द्वारका भागातल्या आपल्या अभ्यासमंडळाने ही स्मरणिका काढायचे ठरवले, तेव्हा समाजाच्या इतिहासाचा कोणता भाग कोणी लिहायचा याची वाटणी झाली. शिक्षण, लग्नविधी, जलसे, शेतकरी, हे विषय भराभर उचलले गेले. दारू शिल्लक राहिली. ती मी मागून घेतली. माझे आजोबा गवंडी होते आणि आजी बिगारी, एवढे कारण मला पुरेसे वाटले. लिहायला बसल्यावर कळले की समाजाच्या इतिहासातला हा बाजूचा विषय नव्हेच. जोतीराव व्यापारी होते ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली, तर समाजाचा दारूविरोध वेगळा दिसू लागतो. साधुसंतांनी दारूला पाप म्हटले होते. जोतीरावांनी तिच्याकडे माणसे कामावर लावणाऱ्याच्या नजरेने पाहिले. कामाच्या जागेवर मिळवलेला पैसा चुलीपर्यंत किती पोचतो, वाटेत तो कोण काढून घेतो आणि त्यात सरकारचा वाटा किती, हा त्यांचा प्रश्न होता.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घरचा धंदा फुलांचा आणि भाजीपाल्याचा. पुढे त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी विकण्याची एजन्सी घेतली, भाजीपाल्याचा व्यापार केला, आणि पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतून सरकारी बांधकामांचे मक्ते घेतले. खडकवासल्याच्या धरणाला लागणारा दगड आणि चुना पुरवण्याचे काम त्यांनी केले. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांशीही त्यांच्या कंपनीचे नाव जोडलेले आहे. आज आपण त्यांना महात्मा म्हणतो आणि त्या शब्दाच्या तेजात हा हिशेबाच्या वह्यांचा माणूस दिसेनासा होतो. ही आपली चूक आहे. दगड किती ब्रास आला, चुन्याच्या गाड्या किती उतरल्या, किती माणसे हजेरीवर होती, कोणाचा खाडा पडला, हे रोज बघणाऱ्याला गरिबी ऐकीव राहत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातले कारकून आणि इंजिनीयर मिळून मजुरांना कसे नाडतात, हे जोतीरावांनी पोवाड्याच्या रूपात लिहिले, ते या अनुभवातून.

अशा मोठ्या कामावर माणसे येतात ती गाव सोडून. पाथरवट, वडार, गाढवांवरून माती वाहणारे, दुष्काळात जमीन सोडून आलेले कुणबी. कामाच्या बाजूला झोपड्यांची वस्ती पडते. वस्ती पडली की चार-आठ दिवसांत तिथे दोन दुकाने उभी राहतात : एक वाण्याचे, दुसरे दारूचे. आजही तसेच होते. वाणी उधार देतो, दारूवालाही उधार देतो. पगार महिन्याने किंवा काम मोजल्यानंतर, म्हणजे कधी दोन महिन्यांनीही होतो. तोवर मुकादमाकडून उचल घ्यायची. पगाराच्या दिवशी मुकादम, वाणी आणि दारूवाला रांगेत उभे असतात आणि मजुराची बायको त्यांच्या मागे.

या दारूच्या दुकानामागे सरकार उभे होते. इंग्रजी अमलात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता लिलावाने जायचा. ज्याने जास्त बोली केली त्याला हक्क. एवढी बोली करून बसलेला मक्तेदार खप वाढवल्याशिवाय पैसा कसा काढणार? १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आला आणि हे सारे खाते सरकारने आणखी घट्ट आवळले. ताडीच्या झाडांवरचा कर वाढला, घरगुती गाळप गुन्हा झाले आणि सरकारमान्य दुकानांची दारू गावोगाव पोचू लागली. दारू लोकांत पूर्वीही होती, हे कबूल केले पाहिजे. भिल्ल, कोळी, ठाकर यांच्या सणासुदीत मोहाची होतीच. नवी गोष्ट ही झाली की तिजोरी दारूवर चालू लागली.

त्या पार्श्वभूमीवर १८ जुलै १८८० चे पत्र वाचावे. जोतीराव १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते आणि १८८२ पर्यंत राहिले. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, भरवस्तीत उघडू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना लिहिले. पत्राचा रोख असा की नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी मोठा खर्च करून आरोग्य खाते चालवते, आणि त्याच लोकांची प्रकृती, नीती आणि संसार बुडवणारी दुकाने शहराच्या मध्यात निघतात, तर या दुकानांवर नगरपालिकेने कर का बसवू नये?

मला हे पत्र फार महत्त्वाचे वाटते. त्यात दारू पिणाऱ्याला एकही शिवी नाही. हा एका सदस्याने मांडलेला हिशेब आहे. एका हाताने गटारे साफ करायची आणि दुसऱ्या हाताने ती भरायची, याला खर्च कोण देतो, असा तो हिशेब. त्या काळी दारूवर बोलणाऱ्यांची कमी नव्हती. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संयमसभा होत्या, सुशिक्षितांच्या सभाही होत्या. सुशिक्षितांची काळजी बहुतेक आपल्या वर्गातल्या तरुणांची होती, जे इंग्रजी शिकून ब्रँडी प्यायला लागले होते. खडकवासल्याच्या पाथरवटाची काळजी त्या सभांत कोण करणार?

पत्रानंतर चारच महिन्यांनी, नोव्हेंबर १८८० मध्ये, व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेत त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चाचा ठराव आला. नियुक्त बत्तीस सदस्यांपैकी एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. दारूचे पत्र आणि हा विरोध मी एकत्र वाचतो. दोन्हींत एकच सवय दिसते, सार्वजनिक पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे विचारण्याची.

आता समाजाकडे येऊ. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात साठेक माणसे जमली आणि सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतीराव अध्यक्ष आणि खजिनदार, नारायणराव गोविंदराव कडलक कार्यवाह. सोमवार पेठेत डॉ. गावंडे यांच्या घरी आठवड्याची बैठक भरे. बैठकीतल्या चर्चेचे विषय पाहण्यासारखे आहेत : दारू सोडण्याची गरज, सक्तीचे शिक्षण, स्वदेशी मालाला उत्तेजन, भटजीशिवाय आणि कमी खर्चात लग्न, भुताखेतांवरचा आणि ज्योतिषावरचा विश्वास सोडणे. वरवर ही सुधारणांची नेहमीची यादी दिसते. पण गरिबाच्या घरातून पैसा कोणत्या वाटांनी बाहेर जातो ते एकदा कागदावर मांडा. लग्नाचे कर्ज, भटजीची दक्षिणा, देवऋषीचा कोंबडा आणि गुत्त्यावरची उधारी. बैठकीने त्या सगळ्या वाटांची नावे घेतली होती. शिक्षण हे पैसा घरात आणणारे, बाकी सगळे तो घरात राखणारे. म्हणून या बैठकीत दारूचा विषय देवाधर्माच्या विषयाला लागूनच यायचा.

समाजात आलेली माणसेही धंद्यातली होती. मुंबईतले रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारखे तेलुगू कंत्राटदार समाजाचे मोठे आधार होते. कामाठीपुऱ्यातली त्यांची माणसे बांधकामावर राबणारी. म्हणजे मजुरांना काम देणारे आणि मजूर, दोघेही एका बैठकीत बसत. अशा बैठकीत दारूवर बोलणे सोपे नसते. मालकाने मजुराला पिऊ नको म्हणणे हा उपदेश होतो, आणि त्याचे उत्तर मजूर मनात देतो : आधी पगार वेळेवर द्या. या उत्तराला शब्द दिले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

लोखंडे जन्माने ठाण्याचे, साल १८४८. रेल्वेच्या टपालात आणि पोस्टात नोकरी केल्यावर ते मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणी त्यांनी आतून पाहिली. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पैशाअभावी बंद पडले होते. ते १८८० मध्ये लोखंड्यांनी मुंबईत आणून पुन्हा चालू केले. जोतीरावांचे दारूचे पत्र त्याच वर्षाचे. गुरू पुण्यात नगरपालिकेला लिहीत होता आणि शिष्य मुंबईत गिरणगावात छापत होता.

त्या वेळी गिरणी उजाडताना सुरू व्हायची आणि मावळताना बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम मोठे. आठवड्याची सुट्टी नाही. यंत्र पुसायला म्हणून सणाच्या दिवशीसुद्धा बोलवायचे. पगार महिन्याचा, आणि तोही पुढचा महिना बराच सरल्यावर. तोवर कामगार जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, आणि वाण्याच्या ताब्यात. कोंदट हवा, कापसाची पिंज छातीत, तेरा-चौदा तास उभे राहणे, आणि फाटकाबाहेर पडल्यावर उघडे असलेले एकच सुखाचे ठिकाण. या माणसाला कोणी म्हणाले दारू वाईट, तर तो नाही म्हणणार नाही. तो थकलेला आहे, एवढेच.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले. मागण्या पुढे ठेवतो, कारण त्यांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आठवड्यातून रविवारची सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अपंग झाल्यास उदरनिर्वाहाची सोय. या यादीत दारू हा शब्द कुठेही नाही. तरी सत्यशोधकांच्या दारूविरोधातला सर्वांत शहाणा कागद म्हणून मी याच निवेदनाकडे बोट दाखवीन. पगाराची तारीख ठरली की उधारीची मुदत तुटते. दुपारची विश्रांती मिळाली की माणूस संध्याकाळी शुद्धीत घरी पोचतो. जखमेचा पगार मिळाला की दुखणे विसरण्यासाठी त्याला गुत्ता लागत नाही. दारू जिथून आत शिरते ती भोके लोखंड्यांनी एकेक करून दाखवली होती.

रविवारच्या मागणीत त्यांनी आणखी एक गोष्ट घातली. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला आपल्या देवासाठी आणि आपल्या समाजाच्या कामासाठी हवा. गिरणीमालकांनी सहा वर्षे दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रिया व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. जोतीराव त्या वेळी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले होते. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ते गेले.

नंतर समाजाची धुरा सावित्रीबाईंनी उचलली. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची भाषणे पुस्तकरूपाने निघाली. भाषणे पाच, त्यांची नावे : उद्योग, विद्यादान, सदाचरण, व्यसने, कर्ज. ही नावे वहीत उतरवून घेतली आणि थोडा वेळ तशीच बघत बसलो. काम, शिक्षण, वागणूक, व्यसन, कर्ज. एका मजुराच्या संसाराचा आराखडाच तो. व्यसनानंतर लगेच कर्ज येते हे ज्या बाईने घर चालवले तिला सांगावे लागत नाही. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेले. महिन्याभरात, १० मार्चला, पुण्यात प्लेगनेच सावित्रीबाई गेल्या.

बाहेरच्या जगातल्या कारखानदारांनीही दारूशी झुंज दिली होती. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ओवेनने न्यू लॅनार्कच्या गिरणीवस्तीत दारूवर नियंत्रण आणले. इंग्लंडात टायटस सॉल्टने १८५३ मध्ये सॉल्टेअर नावाचे गिरणीचे गावच वसवले आणि त्यात दारूचे दुकान ठेवले नाही. त्यांच्या हातात गाव होते, घरे होती, भाडेकरार होते. मालकाने बंदी घातली की बंदी झाली. जोतीरावांकडे यातले काहीच नव्हते. त्यांच्याकडे एक मक्ता होता, नगरपालिकेतली एक खुर्ची होती आणि आठवड्याची बैठक होती. त्यामुळे त्यांना माणसांना पटवावे लागले आणि सरकारला विचारावे लागले. म्हणूनच त्यांचे काम त्यांच्या मक्त्यापेक्षा जास्त टिकले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उलटा मार्गही जगाने पाहिला. दक्षिण आफ्रिकेत केपच्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा एक भाग रोज वाइनच्या रूपात देण्याची पद्धत होती, तिला डॉप म्हणत. कायद्याने ती बंद व्हायला विसावे शतक निम्म्याहून अधिक सरावे लागले. पोटात असतानाच आईच्या दारूमुळे मेंदूला आणि वाढीला इजा झालेल्या मुलांचे प्रमाण जगात सर्वाधिक आढळते अशा भागांत तो प्रदेश आजही मोडतो. आपला जिल्हा द्राक्षांचा आणि आता वाइनचा. म्हणून ही गोष्ट नाशिककरांनी माहीत करून घ्यावी अशी आहे.

नाशिकला सत्यशोधक विचार पुण्याहूनच आला. द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. तो धरला की सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असे जाता येते. नारायणगाव ओलांडले नाही तोच उजव्या हाताला जुन्नरचा फाटा. जुन्नर-ओतूर हा समाजाचा अगदी सुरुवातीपासूनचा बालेकिल्ला. भटजीशिवाय लावलेल्या लग्नांवरून कोर्टात भांडणारे शेतकरी तिथले. समाजाची वार्षिक अधिवेशने १९११ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि दुसरे, १९१२ चे, नाशिकला भरले. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, इथे मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला. गणपतदादा मोरे, रावसाहेब थोरात, अण्णासाहेब मुरकुटे या मंडळींच्या मागे सत्यशोधकांचीच प्रेरणा होती. शेतकऱ्याच्या पोराला शहरात राहायला बोर्डिंग काढायचे, त्यासाठी गावोगाव मूठ-मूठ धान्य जमवायचे. जे धान्य घरात उरत होते म्हणून मुठीने देता आले, ते उरण्यात लग्नखर्चाइतकाच दारू सोडण्याचा वाटा होता, असे माझे मत आहे.

कीर्तनातून हेच काम गाडगेबाबांनी केले. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी बरबाद होऊन गेले, आणि मामाच्या घरी वाढलेल्या त्या पोराने पुढे आयुष्यभर लोकांना विचारले की बाबांनो, दारू पिता का, देवाला बकरे कापता का, कर्ज काढून सण करता का. पुन्हा तेच प्रश्न. नाशिकला त्यांनी बांधलेली धर्मशाळा गोदेच्या काठी आहे आणि त्यांच्या नावाचा पूलही.

सरकारी तिजोरीचा पेच मात्र सुटला नाही. १९२१ नंतर प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती लोकांतून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. १९२३ मध्ये कोल्हापूरचे सत्यशोधक भास्करराव जाधव मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. जोतीरावांनी हंटर आयोगापुढे मागितलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण पुढे नेण्याची संधी त्यांच्या हाती आली, आणि तिजोरीतले उत्पन्नाचे एक मोठे कलम होते अबकारीचे. दारू बंद केली तर शाळेला पैसा कुठून? हा प्रश्न त्या पिढीने अतिशय गंभीरपणे सोसला. पुढे १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी लागू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे, महाराष्ट्राच्या नावाने आहे, आणि त्यानुसार दारू पिण्याला कागदोपत्री परवाना लागतो. कडक बंदीच्या वर्षांत हातभट्ट्या वाढल्या, हप्ते वाढले. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली. हातभट्टी गेली नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली, ती जवळजवळ सगळी कष्टकरी.

आता आजीबद्दल. ती सिन्नरकडची. लग्न होऊन नाशिकला आली आणि आजोबांबरोबर बांधकामावर जाऊ लागली. आजोबांची थापी आणि ओळंबा तिने मरेपर्यंत देवघराखालच्या कोनाड्यात ठेवला होता. शनिवार हा चुकाऱ्याचा दिवस. तिच्या सांगण्यातली एक गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली आणि हा लेख लिहिताना पहिल्यांदा नीट समजली. एक ठेकेदार होता. तो मजुरांना वेगवेगळा पगार देत नसे. चार-पाच जणांना मिळून एक मोठी नोट द्यायचा आणि म्हणायचा, सुट्टे करून वाटून घ्या. संध्याकाळी सात वाजता सुट्टे कुठे मिळणार? वाण्याचे दुकान बंद झालेले. हॉटेलवाला म्हणे, शंभराला सुट्टे नाहीत. सुट्टे हमखास एकाच ठिकाणी, गुत्त्यावर. तिथे गेल्यावर नुसते सुट्टे मागणे बरे दिसत नाही, म्हणून एक-एक ग्लास. मग दुसरा. “पैसं हातात पडलं म्हंजी घरी येईस्तोवर निम्मं व्हायचं, बाबा,” असे ती म्हणायची. आजोबा वाईट नव्हते. तिने त्यांना कधी वाईट म्हटले नाही. ती त्या नोटेला वाईट म्हणायची.

मग तिने आणि बरोबरच्या बायकांनी काय केले, तर शनिवारी काम सुटायच्या आधीच पदराच्या गाठीला सुट्टे बांधून आणायला सुरुवात केली. दोन-दोन, पाच-पाचच्या नोटा, आठवडाभर जमवलेल्या. ठेकेदाराने नोट दिली की जागेवरच, वाळूच्या ढिगावर बसून, वाटणी. ज्याचे त्याच्या हातात, आणि बायकोचे बायकोच्या. १८८३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने दारूच्या दुकानात पगार वाटायला बंदी करणारा कायदा केला, त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता. आजीला त्या कायद्याचे नाव माहीत नव्हते. जोतीरावांचे नाव तिला माहीत होते, भाजीबाजारातल्या तसबिरीमुळे.

गेल्या वर्षी मंडळाकडे चौकाच्या पलीकडच्या वस्तीतल्या काही बायका आल्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचे दुकान आहे आणि त्यांना आडवी बाटली, म्हणजे मतदानाने ते दुकान बंद, करायची होती. नियम आम्ही समजावून सांगितले : प्रभागातल्या किमान पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, अर्जावरच्या सह्या राज्य उत्पादन शुल्क खाते तपासणार, मग गुप्त मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद. मतदानाला न आलेली बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते, हे ऐकल्यावर त्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग सह्यांचे कागद घेऊन गेल्या. पाच रविवार आम्ही त्यांच्याबरोबर दारोदार फिरलो.

तिसऱ्या रविवारी एका घरात सेंट्रिंगच्या कामावर जाणाऱ्याची बायको भेटली. तिने सही केली, नाव सुवाच्य लिहिले आणि पेन परत देताना विचारले, “दादा, दुकान बंद होईल तेव्हा होईल. पण ह्यांचा पगार आता मोबाइलवर येतो. आणि दुकानात पण तोच चौकोन लावलेला आहे, फोन दाखवला की झालं. सुट्ट्याचं पण काम राहिलं नाही. तर तो पगार ठेकेदाराला सांगून माझ्या नंबरवर टाकता येईल का?”

बरोबरच्या कार्यकर्तीने सह्यांचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिचे म्हणणे उतरवून घेतले. पुढच्या दोन रविवारी आम्ही सही झाली की प्रत्येक घरात तेही विचारत गेलो. आता मंडळाच्या कपाटात त्या सह्यांच्या गठ्ठ्याशेजारी दुसरा गठ्ठा आहे. त्यात बायकांचे मोबाइल नंबर आहेत, आणि प्रत्येकीपुढे ठेकेदाराचे नाव व पगाराचा वार.